क्लोरीन हवाच, पण घाणीवर उतारा म्हणून नको

प्रति,
उजनी धरणातून आणि भीमेतून पिण्याचं पाणी उचलणाऱ्या शहरांच्या पाणीपुरवठा विभागांतले अभियंते आणि केमिस्ट

विषय: प्री-क्लोरिनेशन (कच्च्या पाण्यातच क्लोरीन देणं) आणि नळाच्या पाण्यातल्या ट्रायहॅलोमिथेनची (क्लोरीन आणि पाण्यातली सेंद्रिय घाण यांच्यातून बनणाऱ्या उपपदार्थांची) तपासणी

स.न.वि.वि.

उन्हाळ्यात नळाच्या पाण्याला हिरवट झाक आली, शेवाळाचा वास यायला लागला, लोकांनी ओरड केली की खुलासा ठरलेला असतो: क्लोरीनची मात्रा वाढवली आहे, पाणी पिण्यास योग्य आहे, नागरिकांनी उकळून व गाळून प्यावं. यातल्या पहिल्या वाक्याबद्दल मला बोलायचं आहे. कच्चं पाणी बिघडलं म्हणून क्लोरीन वाढवलं, एवढ्यावर विषय संपत नाही. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तिथे एक दुसराच विषय सुरू होतो, आणि त्याबद्दल आपल्याकडे कुणी चकार शब्द काढत नाही.

मी सोलापुरात ज्युनियर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवते. आधीच स्पष्ट करते, हे पत्र क्लोरीनच्या विरोधात नाही. समाजमाध्यमांवर ‘क्लोरीन म्हणजे विष, नळाचं पाणी पिऊ नका’ असे संदेश फिरतात आणि त्यांच्या शेवटी हमखास कुठल्या तरी फिल्टरची जाहिरात असते. त्या रांगेत मला उभं करू नका. 2012 च्या उन्हाळ्यात पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत काविळीची साथ आली होती. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गीयां-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढत गेले आणि एकूण आकडा दोनशेच्या पुढे गेला. तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले, आणि संशयाचं बोट पाण्याकडे गेलं. पाण्यात क्लोरीन नसेल तर माणसं काही दिवसांत आजारी पडतात. क्लोरीनच्या उपपदार्थांचा धोका वीस-तीस वर्षं पाणी पिण्याशी जोडलेला आहे. दोन धोक्यांत आधी कुठला टाळायचा याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पेरूचं उदाहरण आपल्यापैकी काहींनी प्रशिक्षणात ऐकलं असेल. 1991 साली तिथे कॉलऱ्याची भयंकर साथ आली, पहिल्या वर्षातच तीन लाखांहून जास्त रुग्ण झाले. उपपदार्थांच्या भीतीने विहिरींचं क्लोरिनेशन थांबवल्यामुळे हे घडलं, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. पुढे अभ्यासकांनी ते खोडून काढलं. मुळात तिथली पाणीव्यवस्थाच मोडकळीला आलेली होती. तरी ही गोष्ट अजून सांगितली जाते, कारण ‘उपपदार्थांचं नाव काढू नका, नाहीतर कॉलरा येईल’ असं म्हणायला ती सोयीची पडते. माझी विनंती, ही ढाल पुढे करू नका. जंतू मारणं आणि उपपदार्थ कमी ठेवणं ही दोन्ही कामं एकाच केंद्रात, एकाच वेळी करता येतात.

आता उजनीकडे येते. धरणाचा एकूण साठा 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीच्या वर मृतसाठा. म्हणजे पातळी वजा झाली तरी धरणात पाणी असतं, आणि ते पाणी वर्षानुवर्षांच्या गाळावर उभं असतं. वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांच्यातून प्रक्रिया झालेलं आणि न झालेलं सांडपाणी भीमेत उतरतं आणि भीमा ते उजनीत आणून सोडते. त्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस. भोवती ऊस, म्हणजे त्याचं खत. एवढ्या खाद्यावर उन्हात शेवाळ फोफावणारच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 311 प्रदूषित नदीपट्टे मोजले आहेत. त्यातले 55 एकट्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. सोलापूरकरांच्या वाट्याला येणारं सगळंच पाणी पाइपमधून येत नाही. नदीत सोडलेलं पाणी पंढरपूरच्या वाळवंटावरून वाहत औजच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून उचललं जातं. त्या वाटेत त्याला काय काय मिळतं, हे आपण माझ्याहून चांगलं जाणता.

अशा पाण्यात क्लोरीन टाकला की काय होतं, हे 1974 साली रॉटरडॅमच्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या योहानेस रूक या रसायनतज्ज्ञाने दाखवून दिलं. कच्च्या पाण्यात नसलेला क्लोरोफॉर्म क्लोरिनेशननंतर त्याला सापडला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनाही तेच दिसलं. कुजलेला पाला, शेवाळ, सांडपाणी यांतून पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ येतात आणि क्लोरीन त्यांच्याशी रासायनिक क्रिया करतो. एकेकाळी शस्त्रक्रियेआधी ज्याचा वास देऊन रुग्णाला भूल देत, तो हा क्लोरोफॉर्म. पाण्यात ब्रोमाइड असेल तर ब्रोमीन असलेली भावंडंही तयार होतात: ब्रोमोडायक्लोरोमिथेन, डायब्रोमोक्लोरोमिथेन, ब्रोमोफॉर्म. या चौघांना मिळून ट्रायहॅलोमिथेन म्हणतात. शिवाय हॅलोॲसेटिक ॲसिडं आहेतच. आजवर असे सातशेवर उपपदार्थ ओळखले गेले आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचा आरोग्यावरचा परिणाम कुणी नीट तपासलेला नाही.

कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने क्लोरोफॉर्म आणि ब्रोमोडायक्लोरोमिथेन यांना ‘मानवात कर्करोग घडवण्याची शक्यता’ असलेल्या 2बी गटात ठेवलं आहे. सर्वांत सातत्याने दिसलेला संबंध मूत्राशयाच्या कर्करोगाशी आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासाने तिथल्या मूत्राशयाच्या कर्करोगांपैकी सुमारे 5 टक्क्यांचा संबंध पाण्यातल्या ट्रायहॅलोमिथेनशी असावा असा अंदाज मांडला. हा अंदाज आहे, निकाल नव्हे, आणि एका माणसाच्या हिशेबात हा धोका लहानच आहे. पण पाणी अख्खं शहर पितं, जन्मापासून पितं.

आपल्याकडे नियम नाही असंही नाही. आयएस 10500 या भारतीय मानकाच्या 2012 च्या आवृत्तीत चारही ट्रायहॅलोमिथेनना मर्यादा आहेत. लिटरला क्लोरोफॉर्म 0.2 मिलिग्रॅम, ब्रोमोफॉर्म 0.1, डायब्रोमोक्लोरोमिथेन 0.1, ब्रोमोडायक्लोरोमिथेन 0.06. चारींची बेरीज 0.46 मिलिग्रॅम, म्हणजे 460 मायक्रोग्रॅम होते. अमेरिकेने चौघांची मिळून मर्यादा 1979 साली 100 मायक्रोग्रॅम ठरवली आणि 1998 च्या नियमात 80 वर आणली. युरोपात ती 100 आहे. हॅलोॲसेटिक ॲसिडांना तिकडे 60 ची वेगळी मर्यादा आहे, आपल्या मानकात ती ॲसिडं नाहीतच. म्हणजे आपलं मानक आधीच सैल. पण या सैल मानकाप्रमाणे तरी आमच्या नळाचं पाणी कितपत बसतं, हा आकडा मला एकाही शहराच्या पाण्याच्या गुणवत्तेच्या फलकावर दिसलेला नाही. पीएच, गढूळपणा, क्षार, कॉलिफॉर्म आणि क्लोरीन दिसतात. या चौघांची नावं दिसत नाहीत.

आता केंद्रातलं काम. शेवाळ वाढलं की पाण्यात हवा मिसळणाऱ्या कारंज्याच्या आधीच, कच्च्या पाण्यात क्लोरीन सोडायचा ही जुनी वहिवाट आहे, आणि ती का पडली हेही समजतं: टाक्यांच्या भिंतींवर शेवाळ धरत नाही, फिल्टर चोंदत नाहीत, बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं, कमी लागतो. पण सेंद्रिय पदार्थ पाण्यात सर्वांत जास्त असतात त्याच जागी, त्याच क्षणी आपण क्लोरीन देतो. वर शेवाळाच्या पेशी क्लोरीनने फुटतात आणि आतला सगळा माल पाण्यात मोकळा होतो. निळं-हिरवं शेवाळ असेल तर त्याची विषंही बाहेर पडू शकतात. पेशी अख्खी असताना ती तुरटीने गोळा करून तळाशी बसवता येते. फुटल्यावर जे विरघळलं ते क्लॅरिफ्लॉक्युलेटरच्या, म्हणजे निवळणीच्या टाकीच्या, हाती लागणं अवघड.

त्यात अमोनिया. सांडपाण्यातून आलेल्या अमोनियाच्या एका मिलिग्रॅम नायट्रोजनमागे मुक्त क्लोरीन शिल्लक राहायला साधारण आठ ते दहा मिलिग्रॅम क्लोरीन खर्चावा लागतो. यमुनेत अमोनिया वाढला की दिल्लीची वजीराबाद आणि चंद्रावळची केंद्रं धापा टाकतात, त्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. ऑपरेटरला शेवटच्या टाकीत आरसी, म्हणजे शिल्लक क्लोरीन, दिसलाच पाहिजे, नाहीतर त्याच्यावर कारवाई. मग तो टनरचा, म्हणजे क्लोरीनच्या मोठ्या सिलिंडरचा, व्हॉल्व्ह आणखी उघडतो. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्याकडून आपण एवढीच एक गोष्ट मागितली आहे.

आणि ती गोष्ट आपण मोजतो कशी? परीक्षानळीत दहा मिलिलिटर पाणी, त्यात ऑर्थोटोलिडीन (ओटी) या रसायनाचे थेंब, पिवळा रंग आला की ‘ओटी पॉझिटिव्ह’. गावागावांत जलसुरक्षक हेच करतात. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वेळेवर टाकली जाते का, हे बघायला एवढी ढोबळ चाचणी पुरते, आणि तिने आजवर अनेक साथी रोखल्या असतील. पण पिवळा रंग थेंब पडल्याबरोबर आला तर तो मुक्त क्लोरीनचा. हळूहळू, मिनिटा-दोन मिनिटांनी गडद होत गेला तर त्यात अमोनियाशी जोडलेल्या क्लोरीनचा वाटा आहे. जोडलेला क्लोरीन जंतू मारायला कितीतरी दुबळा. उजनीसारख्या पाण्यात हा फरक महत्त्वाचा, आणि घाईत नळी डोळ्यांसमोर धरून वहीत ‘पॉझिटिव्ह’ लिहिताना नेमका तोच निसटतो. शिवाय ऑर्थोटोलिडीन स्वतःच कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. डीपीडी या दुसऱ्या रसायनाची गुलाबी रंगाची चाचणी मुक्त आणि एकूण क्लोरीन वेगळे दाखवते. निदान शहरांच्या केंद्रांत तरी ओटी आता निवृत्त व्हायला हरकत नसावी.

मला जे सांगायचं आहे ते थोडक्यात असं: क्लोरीन द्या, पण पाण्यातली सेंद्रिय घाण काढून झाल्यावर द्या. पहिली मात्रा कच्च्या पाण्यातून हलवून निवळणीनंतर, शक्य तिथे गाळणीनंतर न्या. शेवाळासाठी आधी काही द्यावंच लागत असेल तर पोटॅशियम परमँगनेटचा विचार करता येतो; त्याने ट्रायहॅलोमिथेन होत नाहीत, फक्त मात्रा जास्त झाली तर पाणी गुलाबी दिसतं आणि फोन वाजू लागतात. दुसरं म्हणजे जार टेस्ट, तुरटीची मात्रा ठरवायची चाचणी. सहा बीकर, सहा पाती, प्रत्येकात तुरटीची वेगळी मात्रा. ज्या बीकरमधलं पाणी सर्वांत नितळ ती मात्रा पक्की, हे आपण रोज करता. त्यात एक वाचन वाढवा. निवळलेलं पाणी बारीक गाळून 254 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात ते किती प्रकाश शोषतं ते पाहा. त्यासाठी लागणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर विज्ञान महाविद्यालयांत सर्रास असतो. सेंद्रिय पदार्थ किती उरले याचा अंदाज त्यावरून लगेच येतो. नितळपणाला पुरणारी तुरटी आणि सेंद्रिय पदार्थ काढायला लागणारी तुरटी यांची मात्रा पुष्कळदा एक नसते; दुसरीसाठी थोडी जास्त मात्रा आणि थोडा कमी पीएच लागतो. पाणी काचेसारखं दिसत असतानाही त्यात विरघळलेला माल भरपूर असू शकतो. ऐन उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत भुकटी स्वरूपातला सक्रिय कार्बनही टाकता येतो. महाग पडतो, मान्य. पण तो बारा महिने लागत नाही, आणि वासाच्या तक्रारीही त्यानेच कमी होतात.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘क्लोरीन ऐवजी दुसरं काहीतरी’ अशी निविदा घेऊन कुणी दारात आलं तर घाई करू नका. ओझोनने ब्रोमाइडचा ब्रोमेट होतो, क्लोरीन डायऑक्साइडने क्लोराइट उरतो, म्हणजे उपपदार्थ तिथेही आहेतच. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन इथे उपपदार्थ कमी करण्यासाठी 2000 साली क्लोरामाइनकडे, म्हणजे अमोनियाशी जोडलेल्या क्लोरीनकडे, वळले, आणि पाण्याची रासायनिक प्रकृती बदलल्यामुळे जुन्या शिशाच्या नळांतून शिसं पाण्यात उतरू लागलं. नेदरलँड्समध्ये आज क्लोरीनशिवाय पाणी दिलं जातं हेही खरं, पण तिथले पाइप चोवीस तास दाबाखाली असतात आणि गळती नगण्य असते. आपल्याकडे पाणी सुटायच्या आधी पाइप रिकामा असतो आणि शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढून घेतो. आपल्या पाइपांत शिल्लक क्लोरीन हवाच.

इथे आणखी एक गोष्ट येते, ती बहुतेक पुस्तकांत नसते कारण पुस्तकं रोज पाणी येणाऱ्या देशांत लिहिली गेली. ट्रायहॅलोमिथेन केंद्रात तयार होऊन थांबत नाहीत. क्लोरीन आणि सेंद्रिय पदार्थ सोबत आहेत तोवर ते वाढत राहतात. पाइपमध्ये, उंच टाकीत, सोसायटीच्या हौदात, घरातल्या बॅरलमध्ये. उन्हाने पाणी तापलं की आणखी भराभर. चार-पाच दिवसांआड पाणी ही सोलापूरकरांची वर्षानुवर्षांची सवय. छत्रपती संभाजीनगरला, मराठवाड्यातल्या कितीतरी गावांना तेच. म्हणजे आमच्या पिंपातल्या पाण्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी क्लोरीन संपलेला असतो आणि तोवर झालेले उपपदार्थ पाण्यातच असतात. उघड्या भांड्यातून क्लोरोफॉर्म काही प्रमाणात उडून जातो, झाकलेल्या हौदातून कमी. त्यामुळे केंद्राच्या दारात घेतलेला नमुना आमच्या तोंडात काय जातं हे सांगत नाही. नमुना लाइनच्या टोकाच्या नळावरून घ्यायला हवा, आणि एखादा पाणी सुटायच्या आदल्या दिवशी हौदातूनही.

‘मग आरओ बसवा’ असं सांगणारे भेटतात. आरओच्या पडद्याला क्लोरोफॉर्मसारखा लहान रेणू नीट अडवता येत नाही. जे अडतं ते यंत्रातल्या कार्बनच्या कांडीमुळे, आणि ती कांडी वेळेवर बदलली तरच. उघड्या पातेल्यात काही मिनिटं खळखळून उकळल्यावर ट्रायहॅलोमिथेन बरेच उडून जातात, हॅलोॲसेटिक ॲसिडं मात्र बहुतेक मागे राहतात. आंघोळीच्या गरम पाण्याची वाफ श्वासातून आत जाते ती वेगळीच; तिथे ना आरओ ना उकळणं. ज्यांच्या घरात गॅस पुरवून वापरावा लागतो त्यांना ‘उकळून प्या’ सांगणं हाही एक कर आहे, फक्त तो पाणीपट्टीच्या बिलावर छापलेला नसतो.

कीटकनाशकांचा आणि तणनाशकांचा मुद्दा स्वतंत्र पत्राचा आहे, इथे एवढंच लिहिते. उसात सर्रास मारलं जाणारं ॲट्राझिन क्लोरीनला फारसं दाद देत नाही, तुरटीलाही नाही; आपल्या मानकात त्याची मर्यादा लिटरला 2 मायक्रोग्रॅम आहे. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचं क्लोरीनमुळे ऑक्सॉन नावाचं संयुग होतं, आणि ते मुळापेक्षा जास्त विषारी असतं. दोन्हींवर सक्रिय कार्बन चालतो. म्हणजे कार्बनवरचा तोच खर्च इथेही कामी येतो.

तपासणीचा खर्च आणि यंत्रणा नाही, हे उत्तर मला अपेक्षित आहे. गावपातळीच्या चाचणी किटने ट्रायहॅलोमिथेन कळत नाहीत, त्याला प्रयोगशाळेतलं गॅस क्रोमॅटोग्राफ हे यंत्र लागतं, हे खरं. पण दररोजची तपासणी कुणीच मागत नाही. अमेरिकेतसुद्धा वर्षभराच्या तिमाही नमुन्यांची सरासरी धरतात. वर्षातून चार वेळा, शहरातल्या चार-पाच ठिकाणांहून नमुने घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवणं महापालिकेच्या अंदाजपत्रकात कुठेही मावेल. नमुना घेण्याची रीत तेवढी सांभाळावी लागते. चाळीस मिलिलिटरची काचेची बाटली. उरलेला क्लोरीन तिथल्या तिथे मारायला तळाशी चिमूटभर सोडियम थायोसल्फेट. पाणी काठोकाठ, आणि बाटली उलटी केल्यावर आत एकही बुडबुडा दिसता कामा नये, कारण जे मोजायचं तेच त्या बुडबुड्यात निसटतं. मग बर्फात ठेवून रवाना. प्लास्टिकच्या बाटलीत अर्धवट भरून, दुपारी जीपमध्ये तापवून पाठवलेल्या नमुन्याचा निकाल नेहमीच छान येईल.

दुसरी अडचण आपल्यापैकी एका अधिकाऱ्यांनी मला खासगीत सांगितली होती: आकडे जाहीर केले तर लोक घाबरतील. लोक आत्ताही घाबरलेलेच आहेत, म्हणून तर गल्लोगल्ली जारचं पाणी विकलं जातं, आणि त्या जारमध्ये काय आहे हे आपल्या फलकावरच्या माहितीइतकंही कुणाला ठाऊक नसतं. आकडा मर्यादेत असेल तर तो छापल्याने आपलंच काम दिसेल. मर्यादेबाहेर असेल तर वरच्या शहरांच्या सांडपाण्याबद्दल शासनाशी भांडायला आपल्या हातात पहिल्यांदाच पुरावा येईल. ‘उजनीत घाण येते’ हे वर्षानुवर्षं बोललं जातं आणि ऐकून सोडून दिलं जातं. वरून आलेल्या घाणीमुळे खालच्या शहरात क्लोरीनची मात्रा किती वाढली, तुरटी किती वाढली, ट्रायहॅलोमिथेन किती झाले, त्याचा खर्च किती, असा तक्ता कुणी मांडल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तो मांडू शकतील अशी माणसं फक्त आपल्याच विभागांत आहेत. रोजच्या मात्रेच्या नोंदी आपल्याच लॉगबुकात पडून आहेत.

तेव्हा येत्या मे महिन्यात, धरण वजा असताना, पहिला संच घ्यावा: कच्चं पाणी, फिल्टरनंतरचं पाणी, शुद्ध पाण्याची टाकी आणि लाइनच्या टोकाचे नळ. त्या दिवशीची प्री आणि पोस्ट क्लोरीनची मात्रा, अमोनिया, पाण्याचं तापमान सोबत नोंदवावं, आणि निकाल जसे येतील तसे संकेतस्थळावर टाकावेत. दुसरा संच पावसाळ्यात नवं पाणी आल्यावर. नमुने भरायला माणसं कमी पडत असतील तर मे महिन्यात आमच्या अकरावीच्या मुलांना सुट्टी असते. बाटली भरायची रीत मी त्यांना आधीच शिकवून ठेवते. गाडी आणि बर्फाची पेटी तेवढी आपल्या विभागाने द्यावी.

कळावे,
आपली,
उजनीच्या पाण्यावरची एक नळजोडणीधारक, सोलापूर